एकच बसबार, चार वारंवारता: चुंबकीय क्षेत्राच्या मर्यादेचे एक प्रकरण

मोटारी आणि ट्रान्सफॉर्मर तपासणाऱ्या एका दालनाचे हे नमुना प्रकरण आहे. मांडणीची मापे आणि प्रवाह हिशेबासाठी ठरवून घेतले आहेत. मर्यादा मात्र प्रसिद्ध मार्गदर्शक तत्त्वांमधल्याच आहेत.

मांडणी

दालनातला कन्व्हर्टर (विजेची वारंवारता बदलून देणारे यंत्र) चाचणीच्या बाकाला चार वारंवारतांवर वीज देऊ शकतो. रेल्वेच्या कर्षण मोटारींसाठी १६.७ हर्ट्झ, सर्वसाधारण यंत्रांसाठी ५० आणि ६० हर्ट्झ, विमानातल्या उपकरणांसाठी ४०० हर्ट्झ. कन्व्हर्टरपासून बाकापर्यंत तांब्याचे उघडे बसबार, म्हणजे मोठा प्रवाह वाहून नेणाऱ्या जाड पट्ट्या, जातात. तीन फेज एकाखाली एक बसवलेले असून शेजारच्या दोन फेजच्या मध्यांत १६० मिलिमीटर अंतर आहे. मधल्या बारपासून भिंत ५५० मिलिमीटरवर, भिंतीची जाडी २५० मिलिमीटर आणि भिंतीपलीकडे कोणालाही येजा करता येईल अशी मार्गिका. मापनाचा बिंदू मार्गिकेच्या बाजूने भिंतीपासून २०० मिलिमीटरवर धरला, की बसबार आणि माणूस यांच्यात बरोबर १ मीटर उरतो. मधला बार मार्गिकेच्या जमिनीपासूनही १ मीटर उंच आहे. विटांची किंवा काँक्रीटची भिंत या चुंबकीय क्षेत्राला अडवत नाही, त्यामुळे तिला हिशेबात फक्त अंतर म्हणून धरायचे.

सुरुवातीला दालन ५० हर्ट्झवरच चालत होते. पूर्ण भार फेजमागे १६०० अ‍ॅम्पिअर. पाहणी अहवालात लिहिले होते: मार्गिकेत चुंबकीय क्षेत्र कमाल ८९ मायक्रोटेस्ला, मर्यादा १००, पात्र. मग ६० हर्ट्झच्या मोटारी तपासायला आल्या. प्रवाह तोच, बसबार तेच, भिंतही तीच. जुना अहवाल चालेल का, एवढाच प्रश्न होता. या जागेला लागू असलेले नियम आयसीएनआयआरपी या विकिरणापासून संरक्षणासाठीच्या आंतरराष्ट्रीय आयोगाच्या १९९८ च्या मार्गदर्शक तत्त्वांवर बेतलेले आहेत.

क्षेत्राचा हिशेब

एका रेषेत बसवलेल्या, समतोल प्रवाहाच्या तीन फेजसाठी अंतर फेजांमधल्या अंतराच्या काही पट असेल, तर

क्षेत्र (मायक्रोटेस्ला) = ०.३४६ × प्रवाह (अ‍ॅम्पिअर) × फेजांमधले अंतर (मीटर) ÷ अंतराचा वर्ग (मीटर²)

१६०० आणि ०.१६ घातले की १ मीटरवर ८८.७ मायक्रोटेस्ला येतात. प्रत्येक बारचे क्षेत्र सुटे काढून बेरीज केली तर उत्तर दोन टक्क्यांनी कमी भरते. ती तफावत इथे सोडून देता येते. सूत्रात वारंवारता कुठेच नाही, हे लक्षात ठेवायचे. हवेतल्या उघड्या बसबारसाठी त्याच प्रवाहाला ५० हर्ट्झला जेवढे क्षेत्र, तेवढेच ६० हर्ट्झला. क्षेत्र मोजणारा मीटर बदल दाखवत नाही. बदलते ती मर्यादा.

मर्यादा का हलते

बदलते चुंबकीय क्षेत्र शरीरात विद्युत क्षेत्र प्रेरित करते. ते क्षेत्राच्या ताकदीच्या आणि वारंवारतेच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. १९९८ च्या तत्त्वांनी मूलभूत निर्बंध शरीरातल्या प्रवाह-घनतेवर ठेवला. सामान्य जनतेसाठी ४ हर्ट्झ ते १ किलोहर्ट्झ या पट्ट्यात तो २ मिलिअ‍ॅम्पिअर प्रति चौरस मीटर आहे, कामगारांसाठी १०. निर्बंध स्थिर आणि प्रेरण वारंवारतेबरोबर वाढणारे, म्हणजे बाहेरच्या क्षेत्राची परवानगी वारंवारतेच्या उलट प्रमाणात घटणार. सामान्य जनतेसाठी ८ ते ८०० हर्ट्झच्या दरम्यान ५००० ला हर्ट्झमधल्या वारंवारतेने भागले की मायक्रोटेस्लामधली संदर्भ पातळी, म्हणजे बाहेर मोजायच्या क्षेत्राची मर्यादा, मिळते. ५० ला १००, ६० ला ८३.३.

२०१० मध्ये आयसीएनआयआरपीने पाया बदलला. प्रवाह-घनतेच्या जागी ऊतींमधले प्रेरित विद्युत क्षेत्र घेतले. डोळ्यासमोर प्रकाशाचे आभास निर्माण होतात त्याला सर्वांत कमी क्षेत्र २० हर्ट्झच्या आसपास पुरते. त्याच्यावर उंबरठा चढत जातो. म्हणून डोक्यातल्या मज्जासंस्थेसाठी जनतेचा निर्बंध १० ते २५ हर्ट्झला ०.०१ व्होल्ट प्रति मीटर आहे आणि २५ हर्ट्झच्या पुढे वारंवारतेबरोबर वाढतो. ५० ला ०.०२, ६० ला ०.०२४. प्रेरणही वारंवारतेबरोबरच वाढते. दोघे एकमेकांना खोडतात आणि संदर्भ पातळी २५ ते ४०० हर्ट्झपर्यंत २०० मायक्रोटेस्लावर सपाट राहते. पुढे परिधीय (मेंदू आणि मज्जारज्जूबाहेरच्या) मज्जातंतूंसाठीची स्थिर मर्यादा आड येते आणि पातळी पुन्हा वारंवारतेच्या उलट प्रमाणात उतरते.

आयईईई या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेचे सी९५.६ हे २००२ चे मानक तिसऱ्याच आकड्यांवर पोहोचते. २० ते ७५९ हर्ट्झच्या दरम्यान डोके आणि धडासाठी जनतेची पातळी ९०४ मायक्रोटेस्ला. ५० आणि ६० मध्ये इथेही फरक नाही.

सामान्य जनतेसाठी, मायक्रोटेस्लामध्ये:

| वारंवारता | १९९८ | २०१० | आयईईई |
|---|---|---|---|
| १६.७ हर्ट्झ | २९९ | २९९ | १०८४ |
| ५० हर्ट्झ | १०० | २०० | ९०४ |
| ६० हर्ट्झ | ८३.३ | २०० | ९०४ |
| ४०० हर्ट्झ | १२.५ | २०० | ९०४ |

आयसीएनआयआरपी स्वतः कायदा करत नाही. तिची तत्त्वे बंधनकारक होतात ती राष्ट्रीय नियमांनी उचलल्यावर. युरोपीय संघाची १९९९ ची जनतेसाठीची शिफारस १९९८ च्या आकड्यांवर उभी आहे. जपानमध्ये पूर्वेला ५० आणि पश्चिमेला ६० हर्ट्झ चालते, आणि तिथला चुंबकीय क्षेत्राचा नियम दोन्ही बाजूंना २०० मायक्रोटेस्ला हाच आहे. एकाच देशात दोन वारंवारता असताना सपाट मर्यादेची सोय किती मोठी, हे वेगळे सांगायला नको. पण आपल्या जागेला कोणती आवृत्ती लागू आहे हे सोयीने ठरवता येत नाही. १९९८ मध्ये बसत नाही म्हणून अहवालात गुपचूप २०१० चा स्तंभ वापरणे हा या कामातला सर्वांत नेहमीचा गैरप्रकार आहे.

पहिले उत्तर आणि त्यातली पळवाट

नुसत्या मूळ वारंवारतेवर पाहिले तर ८८.७ भागिले ८३.३ म्हणजे १०६ टक्के. ६० हर्ट्झला नापास.

इथे एक रास्त आक्षेप येतो. संदर्भ पातळी एका बिंदूसाठी नाही, शरीरावरच्या सरासरीसाठी आहे. वीजपुरवठा यंत्रणांजवळचे मापन कसे करावे हे सांगणारे आयईसी ६२११० हे मानक असमान क्षेत्रात जमिनीपासून ०.५, १.० आणि १.५ मीटर अशा तीन उंचींवर मापून सरासरी घ्यायला सांगते. वरच्या आणि खालच्या बिंदूंचे बसबारपासूनचे अंतर १.१२ मीटर, तिथे क्षेत्र ७१. तिन्हींची सरासरी ७६.९ मायक्रोटेस्ला, म्हणजे ६० हर्ट्झच्या मर्यादेच्या ९२ टक्के. पात्र. अनेक अहवाल इथेच संपतात आणि इथेच चुकतात, कारण कन्व्हर्टरचा प्रवाह शुद्ध साइन लहर नसतो.

हार्मोनिक: मीटरला न दिसणारा भार

हार्मोनिक म्हणजे मूळ वारंवारतेच्या पूर्ण पटीतल्या वारंवारतेचा घटक. या कन्व्हर्टरच्या प्रवाहात पाचवा हार्मोनिक ३ टक्के आणि सातवा १.५ टक्के धरला आहे, म्हणजे ४८ आणि २४ अ‍ॅम्पिअर. सर्व वारंवारता एकत्र मोजणाऱ्या मीटरवर एकूण परिणामी मूल्य (आरएमएस) यामुळे किती वाढेल? ८८.७ चे ८८.७५. म्हणजे काहीच नाही.

नियम मात्र वेगळी बेरीज मागतो. प्रत्येक वारंवारतेचे क्षेत्र त्या वारंवारतेच्या मर्यादेने भागायचे, सगळे भागाकार मिळवायचे आणि उत्तर, म्हणजे निर्देशांक, १ च्या आत ठेवायचे. कमाल बिंदूवर ६० हर्ट्झसाठी:

६० हर्ट्झ: ८८.७ ÷ ८३.३ = १.०६
३०० हर्ट्झ: २.६६ ÷ १६.७ = ०.१६
४२० हर्ट्झ: १.३३ ÷ ११.९ = ०.११
बेरीज: १.३४ (सुट्या ओळी दोन दशांशांत गोल केल्या आहेत)

१९९८ च्या पद्धतीत मर्यादा वारंवारतेच्या उलट प्रमाणात असल्यामुळे ८०० हर्ट्झपर्यंत एक सोपी युक्ती चालते. प्रत्येक हार्मोनिकचा वाटा त्याच्या क्रमांकाने गुणायचा: १ + ५ × ०.०३ + ७ × ०.०१५ = १.२५५. मूळ वारंवारतेचा निर्देशांक याने गुणला की झाले. तीन बिंदूंच्या सरासरीवर ५० हर्ट्झला ०.७६९ × १.२५५ = ०.९७ येते, ६० हर्ट्झला ०.९२३ × १.२५५ = १.१६. म्हणजे जुना ५० हर्ट्झचा अहवाल "८९ विरुद्ध १००" असा ११ टक्के मोकळीक दाखवत होता, तेव्हाही खरी मोकळीक सरासरी घेऊन जेमतेम ३ टक्के होती. कमाल बिंदूवर तर निर्देशांक १.११, म्हणजे तो १ च्या वरच होता.

साधी बेरीज सर्व हार्मोनिकांची शिखरे एकाच क्षणी येतात असे धरते, म्हणून ती कडक आहे. भारित शिखराची पद्धत फेजचे कोन विचारात घेते आणि बहुधा कमी आकडा देते. ती वापरायला हरकत नाही, पण मग लहरीचे प्रत्यक्ष नोंदलेले नमुने हवेत. मीटरच्या पडद्यावरचा एक आकडा पुरत नाही.

२०१० च्या स्तंभात हाच हिशेब किती वेगळा पडतो ते बघा: ०.४४ + ०.०१३ + ०.००७, एकूण ०.४६. तिथे हार्मोनिकचा भार नाममात्र आहे.

उरलेल्या दोन वारंवारता

१६.७ हर्ट्झचा निकाल पटकन लागतो. १६०० अ‍ॅम्पिअरला ८८.७ ÷ २९९, हार्मोनिक धरून ०.३७. प्रश्नच नाही.

४०० हर्ट्झला बाक फक्त ३०० अ‍ॅम्पिअरवर चालतो, म्हणून ती चाचणी निरुपद्रवी समजली जाते. क्षेत्र १६.६ मायक्रोटेस्ला. १९९८ ची मर्यादा १२.५. मूळ वारंवारतेचाच भागाकार १.३३. ८०० हर्ट्झच्या वर १९९८ ची पातळी ६.२५ वर सपाट होते, म्हणून वरची युक्ती इथे चालत नाही. २००० आणि २८०० हर्ट्झचे ०.०८ आणि ०.०४ थेट मिळवायचे. बेरीज १.४५. म्हणजे ३०० अ‍ॅम्पिअरची ४०० हर्ट्झ चाचणी १६०० अ‍ॅम्पिअरच्या ६० हर्ट्झ चाचणीपेक्षा वाईट ठरते. ४०० हर्ट्झवर प्रवाहाचा आकडा बघून निर्धास्त होणाऱ्याने हा भागाकार आधी करावा.

मापनात काय चुकते

क्षेत्र मोजणाऱ्या कॉइलमध्ये निर्माण होणारे व्होल्टेज वारंवारतेच्या प्रमाणात असते. चांगल्या मीटरमध्ये ते सपाट करणारे सर्किट असते. स्वस्त, फक्त ५० हर्ट्झवर जुळवलेल्या मीटरमध्ये ते नसले तर तोच मीटर ६० हर्ट्झला २० टक्के जास्त, १६.७ ला एक तृतीयांश आणि ४०० ला आठपट आकडा दाखवतो. खरेदीपूर्वी अंशांकनाच्या प्रमाणपत्रात किती वारंवारतांवर तपासणी झाली आहे ते बघायचे. फक्त एक ओळ असेल, तर या दालनासाठी तो मीटर बाद.

उलट दोषही असतो. काही मीटर ५० किंवा ६० हर्ट्झचा अरुंद फिल्टर लावून मोजतात आणि हार्मोनिक आधीच गाळून टाकतात. इथे तीन अक्षांचा, वारंवारतेनुसार घटक वेगळे दाखवणारा आणि किमान काही किलोहर्ट्झपर्यंत सपाट असलेला प्रोब लागतो.

१६.७ हर्ट्झला प्रोब हातात धरायचा नाही. पृथ्वीचे स्थिर क्षेत्र २५ ते ६५ मायक्रोटेस्लाच्या दरम्यान असते. त्यात कॉइल हलली की खोटे, कमी वारंवारतेचे आकडे उमटतात. लाकडी किंवा प्लास्टिकची तिपाई घ्यावी, मोजताना कोणी जमीन हादरवत चालू नये.

मोजताना प्रत्यक्ष प्रवाह किती होता हे त्याच क्षणी नोंदले नाही तर बाकी सगळे निरर्थक. ९०० अ‍ॅम्पिअरवर मोजले तर मूळ वारंवारतेचे क्षेत्र १६०० ÷ ९०० = १.७८ ने वाढवता येते. हार्मोनिकना हा गुणक लावू नये; कन्व्हर्टरच्या हार्मोनिकचा वाटा भाराप्रमाणे सरळ रेषेत बदलत नाही. ते पूर्ण भारावरच मोजावेत.

शेवटची तपासणी अंतराची. प्रोब भिंतीपासून दूर नेत तीन-चार ठिकाणी मोजायचे. क्षेत्र अंतराच्या वर्गाने उतरायला हवे. ते संथपणे, अंतराच्या सरळ व्यस्त प्रमाणात उतरत असेल, तर तिन्ही फेजची बेरीज शून्य नाही आणि काही प्रवाह पाण्याच्या पाइपातून, पोलादी सांगाड्यातून किंवा दुसऱ्या अर्थिंगमधून परत जातो आहे. असा फक्त १० अ‍ॅम्पिअर भटका प्रवाह १ मीटरवर २ मायक्रोटेस्ला देतो आणि ५ मीटरवरही ०.४ उरतात. हा दोष आधी शोधावा. बसबार हलवून तो जात नाही.

उपाय

सर्वांत स्वस्त उपाय अंतर. मार्गिकेत भिंतीपासून ३०० मिलिमीटरवर कायमचे पॅनेल उभे केले की, मापनाचा बिंदू पॅनेलपासून २०० मिलिमीटरवर धरून, अंतर १.३ मीटर होते आणि क्षेत्र १.६९ ने घटून ५२.५ मायक्रोटेस्लावर येते. ६० हर्ट्झचा निर्देशांक कमाल बिंदूवर ०.७९, ४०० चा ०.८६. सरासरीचा आधार न घेता दोन्ही आत. अडचण एकच: मार्गिका आपत्कालीन सुटकेची वाट असेल तर तिची किमान रुंदी उरते का ते आधी बघावे लागते.

फेज जवळ आणणे हा दुसरा मार्ग. अंतर १६० वरून १०० मिलिमीटर केले की क्षेत्र ५५ वर येते. पण शॉर्ट सर्किटच्या वेळी बारांमधला आघाती जोर अंतराच्या व्यस्त प्रमाणात असतो, तो १.६ पट होतो. आधाराचे इन्सुलेटर आणि त्यांच्यातले टप्पे पुन्हा तपासल्याशिवाय हा बदल करू नये. बार सरकवून जुनेच आधार ठेवणे म्हणजे पहिल्या दोषाला बसबार वाकवून घेणे. इन्सुलेशन चढवलेले, एकमेकांना चिकटून बसलेले बार असलेला सँडविच बसडक्ट हा यातला पक्का पर्याय आहे. मध्यांतले अंतर २० मिलिमीटर धरले तर १ मीटरवर सुमारे ११ मायक्रोटेस्ला.

प्रत्येक फेजचे दोन बार करता येत असतील तर क्रम अ-ब-क-क-ब-अ असा लावावा. प्रत्येक फेज केंद्राच्या दोन्ही बाजूंना सारखी पडते, आणि क्षेत्र वर्गाऐवजी घनाने उतरते. या मांडणीत १ मीटरवर ते निम्म्याहून खाली येते आणि दूर गेल्यावर झपाट्याने नाहीसे होते. अ-ब-क-अ-ब-क असा क्रम लावला की हा फायदा पूर्ण जातो. जोडणी करणाऱ्याला नकाशात क्रम अक्षरांनी लिहून द्यावा.

अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचे आवरण सुचवले जाते, पण आम्ही ते शेवटी ठेवू. पत्र्यात प्रेरित होणारे आवर्त प्रवाह क्षेत्राला विरोध करतात, आणि ते वारंवारतेबरोबर वाढतात. अ‍ॅल्युमिनियममध्ये प्रवेशाची खोली (क्षेत्र धातूत किती आत शिरते त्याचे माप) १६.७ हर्ट्झला सुमारे २१ मिलिमीटर, ५० ला १२, ६० ला ११ आणि ४०० ला ४.२. म्हणजे जो पत्रा ४०० हर्ट्झला उत्तम काम करतो तो १६.७ ला जवळपास नसल्यासारखा. सुदैवाने १९९८ ची मर्यादाही त्याच दिशेने सैल होत जाते, त्यामुळे निर्देशांकाच्या भाषेत फटका कमी बसतो. पत्र्यांमधले सांधे सलग वेल्ड केलेले हवेत. नुसते स्क्रू लावलेल्या सांध्यात आवर्त प्रवाह तुटतो आणि आवरणाचा निम्मा उपयोग संपतो. पत्रा बसबारपेक्षा पुरेसा मोठाही हवा, नाहीतर क्षेत्र कडेने वळसा घालून येते.

विद्युत क्षेत्राचा प्रश्न या दालनात नाही. व्होल्टेज कमी आहे, आणि अर्थ केलेला कुठलाही धातू किंवा साधी भिंतसुद्धा ते अडवते. उच्चदाबाच्या उघड्या वाहिन्यांखाली मात्र वारंवारता तिथेही मधे येते. जनतेसाठी ५० हर्ट्झला ५ किलोव्होल्ट प्रति मीटर आणि ६० ला ४.१७, आणि हे १९९८ व २०१० या दोन्ही तत्त्वांत सारखेच आहे, कारण धातूच्या मोठ्या वस्तूला हात लावल्यावर बसणारा धक्का वारंवारतेबरोबर वाढतो. ४.५ किलोव्होल्ट प्रति मीटर देणारी वाहिनी ५० ला पास आणि ६० ला नापास.

दालनाच्या आतली बाजू वेगळी तपासायची. ६० हर्ट्झच्या पूर्ण भारावर बसबारपासून अर्ध्या मीटरवर सुमारे ३२५ मायक्रोटेस्ला आहेत. १९९८ ची कामगारांसाठीची पातळी ४१६.७, आणि हार्मोनिक धरले की निर्देशांक ०.९८. तिथे जमिनीवर पट्टा आखून चाचणी चालू असताना आत जाण्यास मनाई करावी. पेसमेकर किंवा तत्सम रोपण असलेल्या व्यक्तींसाठी कामगारांच्या किंवा जनतेच्या कुठल्याच पातळीवर विसंबता येत नाही. त्यांच्या उपकरणाची उत्पादकाने दिलेली मर्यादा मागवून वेगळा निर्णय घ्यावा लागतो.

या दालनासाठी निवड अशी: मार्गिकेत पॅनेल लगेच, पुढच्या नियोजित बंदमध्ये सँडविच बसडक्ट, आणि ४०० हर्ट्झची चाचणी पॅनेल उभे राहीपर्यंत २०० अ‍ॅम्पिअरच्या वर नाही. तेवढ्या प्रवाहाला कमाल बिंदूवर निर्देशांक ०.९७ येतो. ६० हर्ट्झला तोच निकष लावला तर प्रवाह ११५० अ‍ॅम्पिअरच्या आत ठेवावा लागतो. नव्या अहवालात चारही वारंवारतांसाठी स्वतंत्र ओळ, प्रत्येक ओळीत प्रवाह, हार्मोनिकचा वाटा, मापनाच्या तीन उंची, लागू तत्त्वांचे साल आणि बेरजेचा निर्देशांक. नुसते "मायक्रोटेस्ला" लिहिलेला अहवाल परत पाठवावा.